तुला म्हणून सांगतो

सभागृहात बसायला जागा उरली नव्हती, आणि एवढी माणसं नुजहतच्या शोकसभेला आलीत हे काही केल्या शांतादेवींच्या घशाखाली उतरत नव्हतं.

जयसिंगपूरहून एसटीनं येताना त्यांनी गृहीत धरलं होतं, गल्लीतल्या दहा-वीस बायका असतील, माहेरची चार माणसं असतील. इथं तर शिरोली एमआयडीसीतले कामगार भिंतीला टेकून उभे होते. काळवंडलेली बोटं, लाल झालेले डोळे. नुजहत एकेकाळी इथल्या कारखान्यांना जेवणाचे डबे पोचवायची. त्या डब्यांची गिऱ्हाइकं असणार. कधीकाळी खाल्लेल्या भाकरीसाठी माणसं अजून रडतात म्हणजे कमाल झाली!

नुजहतच्या मुलीनं, मेहकनं, त्यांना हाताला धरून पुढच्या रांगेत बसवलं. "शांतामावशी, अम्मीची सगळ्यात जुनी मैत्रीण तुम्ही. इथंच बसा."

समोर हार घातलेला फोटो होता. फोटोतही नुजहत हसत होती. त्या हसण्याचाच शांतादेवींना जन्मभर राग.

दोघी कोल्हापुरात एकाच गल्लीत सुना म्हणून आल्या. शांतादेवींना शिवणक्लास काढायचा होता. त्यांचे यजमान, चन्नाप्पा, गुळाच्या पेढीवरच्या गादीवरून उठलेसुद्धा नाहीत. "माझ्या घरात काय कमी हाय तुला?" विषय संपला.

क्लास काढला तो नुजहतनं. वरून तिचा नवरा लालासाब चारचौघांत छाती फुगवून सांगायचा, "लागलेलं काम सोडायचं न्हाय. आता जन्मभर ह्यातच राहायचं हिनं." नवरा असावा तर असा, म्हणून शांतादेवी आतल्या आत जळायच्या.

क्लास तीनेक वर्षं जोरात चालला. मग एका दुपारी नुजहत वाटीभर शीरखुर्मा घेऊन आली. "शांते, तुला म्हणून सांगतो. खोलीच्या मालकाला दोनच मशिनी सांगितल्यात. आत सहा हाईत. कुठं बोलू नको हां."

हिच्या पोटात काही राहायचं नाही. शांतादेवींनी मालकाच्या बायकोला देवळात गाठलं. भिंतींना तडे जातील की काय, एवढी काळजी फक्त बोलून दाखवली. आठवड्यात खोली गेली.

लगेच नुजहतनं घरातच पार्लर थाटलं. लग्नसराईत दाराबाहेर चपलांचा ढीग लागायचा. तो ढीग बघून शांतादेवींना जेवण जात नसे. पुढं एकदा नुजहत स्वतःच म्हणाली, "सासूबाईंना वाटतंय मी पोरींच्या हातावर मेंदी काढतो. केस कापतो, भुवया कोरतो, ते कळलं तर कुलूपच घालतील." सासूबाईंना कळायला दोन दिवस लागले.

कुलूप लागल्यावर शांतादेवी मुद्दाम सांत्वनाला गेल्या. नुजहत गुणगुणत भांडी घासत होती.

"असू दे गं," ती म्हणाली. "आता डबं सुरू करावं म्हणतो."

रडली असती तर शांतादेवींचे चार दिवस सुखाचे गेले असते.

डब्यांचं बस्तान बसलं, कारखान्यांच्या मोठ्या ऑर्डरी आल्या, आणि नुजहत पुन्हा ओट्याशी येऊन कुजबुजली. टेम्पो ड्रायव्हर चालवतो असं लालासाबला वाटतं. चालवते ती स्वतः. मग ते लालासाबच्या कानावर गेलं. कारखान्यांतल्या पुरुषांत बायको एकटी टेम्पो घेऊन जाते, हे त्याला खपलं नाही. डबे बंद. तर ही बया घरोघरच्या बायकांना गाडी शिकवायला लागली! अर्ध्या कोल्हापुरातल्या सुना तिच्या हाताखालनं गेल्या. त्याही वेळी तिनंच सांगितलं, "शिकवणाऱ्याच्या पायाशी दुसरा ब्रेक लागतो. त्यो बसवलाच न्हाय अजून." आरटीओला एक निनावी फोन पुरला.

त्यानंतर शांतादेवी मुलाकडं, शिवशरणकडं, जयसिंगपूरला राहायला गेल्या. लालासाब वारला. नुजहतचा अधूनमधून फोन यायचा. "गुडघं गेलं बघ शांते. बसून असतो घरात." फोन ठेवला की शांतादेवींना त्या दिवशी आमटीलाही चव लागायची. शेवटी बसली एकदाची.

माईकवर कुणी आकाराम नावाचा माणूस आला. पिकलेल्या मिशा, हातावर भाजल्याचे डाग.

"आमची ही लोखंड ओतायची फौंड्री बंद पडलेली. मॅडमनी घेतली तवा आम्ही सातजणच उरलेलो," तो म्हणाला. "पयल्या दिवशी भट्टीम्होरं हुभ्या राहिल्या. म्हटल्या, मला ह्यातलं काय येत न्हाय, शिकवा. बारा वर्सं रोज आल्या. आजारी पडल्या तरी आल्या. आज आमचं पंपाचं कास्टिंग परदेशात जातंय. दीडशे घरं हाईत ह्या भट्टीवर..." त्यानं फोटोकडं वळून हात जोडले.

शांतादेवींची कानशिलं तापली. फौंड्री? बारा वर्षं? म्हणजे गुडघे धरून बसलेली नुजहत रोज इथं लोखंड ओतत होती, मालकीण म्हणून! आणि आपण तिकडं जयसिंगपुरात तिची कीव करत आमटी ओरपत होतो.

सभा संपली. माणसं बाहेर पडली. मेहक चहा घेऊन आली, तशा शांतादेवी तिच्यावर जवळजवळ धावूनच गेल्या.

"मला कसं सांगितलं न्हाय तिनं? आं? क्लास, पार्लर, डबं, गाडी, सगळं आतलं माझ्याजवळ येऊन बोलायची. माझ्यापासनं कधी काय लपवलं न्हवतं!"

मेहकनं कप त्यांच्या हातात दिला. तिच्या आवाजात राग नव्हता.

"अब्बा लागलेलं काम सोडू द्यायचे न्हाईत, मावशी," ती म्हणाली. "म्हणून जे सोडायचं असायचं, तेवढंच अम्मी तुम्हाला येऊन सांगायची."