पहिला नंबर

चार वर्षांचा शिवांश वजनकाट्यावर उभा राहिला आणि काटा सत्तावीस किलोवर जाऊन थांबला. शाळेच्या पटांगणात टाळ्या पडल्या. परीक्षक म्हणून बोलावलेल्या निवृत्त नर्सबाईंनी मात्र कपाळावर हात मारला.

“अहो, टाळ्या कसल्या वाजवताय? या वयाला सोळा किलो पुष्कळ झाले. दोन पायऱ्या चढला तर धापा टाकतोय पोरगा!”

“बाई, सुदृढ बालक स्पर्धा आहे ही,” सरपंच हसले. “वजन जास्त त्याचा पहिला नंबर. नियम तुम्हीच घातलाय.”

घातला होता खरा. तीस वर्षांपूर्वी, गावातली पोरं हाडांचा सापळा होऊन मरत होती तेव्हा.

नर्सबाई तणतणत शिवांशच्या आजीकडे वळल्या. “हौसा, सारखं काय कोंबतेस गं त्याच्या तोंडात? वेफर्स, फरसाण, क्रीमची बिस्किटं! बंद कर आधी.”

हौसाने नातवाला नवा पुडा फोडून दिला. “बाई, माझा थोरला वर्साचा होऊन पाच किलो बी भरला नव्हता. खायला घाल म्हणून तुम्ही माझ्यावर अशाच ओरडायचात. तवा घरात घालायला काय नव्हतं. गेला तो. आता हाय, तर घालू नको म्हणता?”

तेवढ्यात माइकवर शिवांशचं नाव पुकारलं गेलं, आणि सरपंचांनी पहिल्या नंबराचं बक्षीस पोराला द्यायला नर्सबाईंच्या हातात दिलं. बिस्किटांचा भलामोठा डबा.

तो पोराला देववेना, आणि हौसाच्या डोळ्यांदेखत खाली ठेववेना.