लडाखची हवा

चंद्राबाईनं झाकण फिरवलं मात्र, बाटलीनं सुस्सकन आवाज केला आणि तिचं चेपलेलं पोट झटक्यात वर आलं. घटस्थापनेची झाडलोट चाललेली, फिनेल ठेवायला रिकामी बाटली हवी होती, आणि हाताला आली ती नेमकी हीच मेली!

तिच्या नवऱ्याचा, कृष्णात सुभेदाराचा जीव होता या बाटलीत. ऐन उमेदीची वर्षं त्यानं लडाखमध्ये एका उंचावरच्या चौकीवर काढलेली. एकदा ती चौकी डोळ्यांनी बघायची म्हणून हट्ट धरून बसला होता. डॉक्टरनं छाती तपासून साफ नको म्हणून सांगितलं. आता लेक धैर्यशील तिथंच नोकरीला. त्यानं चौकीवर रिकाम्या बाटलीचं झाकण घट्ट आवळलं आणि सुट्टीला येताना ती घेऊन आला. "आबा, तुमास्नी जाता येत न्हाई, तर तिथली हवाच आणली तुमच्यासाठी." वर टंच असलेली बाटली मलकापुरात पोचेपर्यंत चेपली होती. वरची हवा विरळ, इथली दाट. ही तिला बाहेरनं दाबते, असं सुभेदार येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकानं सांगायचा.

अंगणात सुभेदाराची काठी वाजली. चंद्राबाईला काही सुचेना. तिनं बाटली दोन्ही हातांनी होती तशी चेपली, झाकण लावलं आणि फळीवर ठेवून दिली.

सुभेदारानं आत येताच सवयीनं बाटली खाली घेतली. तिच्यावर बोटं फिरवली. "ह्यो खळगा नव्हता."

"आवं, चुकून उघडली म्या." चंद्राबाई म्हणाली. "तुमास्नी कळू नये म्हणून परत दाबली. तुमची हवा घालवली वं म्या!"

तो खाटेवर बसला.

"उघडली तवा काय बी गेलं नव्हतं गं. उलट इथली हवा आत शिरली हुती. तसंच झाकण लावलं असतंस, तर दोन्ही ऱ्हायल्या असत्या." त्यानं बाटली तिच्यापुढं धरली. "दाबलीस, तवा गेली."

लपवायची दुर्बुद्धी कुठनं सुचली, असं चंद्राबाईला झालं. तिनं पदर डोळ्यांना लावला.

"ठेव फळीवर," तो म्हणाला. "थोडी असंल अजून."

तिनं बाटली दोन बोटांनी, नुसत्या झाकणाला धरून उचलली.