सलाईनचा हात
आयुष्यभर इतरांना भूल देणाऱ्या बाई आज स्वतःच मेंदूच्या ऑपरेशनसाठी टेबलावर होत्या, आणि टक्क जाग्या होत्या. डोक्याची कातडी बधिर होती म्हणून दुखत नव्हतं. सुरुवातीलाच दिलेल्या, स्नायू ढिले पाडणाऱ्या इंजेक्शनामुळे पापणीही हलत नव्हती. झोपेचं औषध मात्र निसटलेल्या नळीतून कोपराखालच्या चादरीत जिरत होतं. "मेंदू फुगतोय रे!" सर्जन ओरडला. फुगणारच! झोपलेला मेंदू थोडक्या रक्तात भागवतो, जागा मेंदू मागतच राहतो. मशीनपाशी उभ्या विद्यार्थ्याकडून बाईंनीच घोकून घेतलं होतं: आधी सलाईनचा हात बघ, मग औषध ढकलणाऱ्या पंपाचा आकडा. पालथ्या घड्यावर पाणी! "पंप नीट चाललाय, सर. डोस वाढवतो," तो म्हणाला. चादर आणखी भिजली. मग त्याने सलाईनच्या हाताची पांघरुणाबाहेरची बोटं हातात घेतली. आता तरी बघेल! "बाई किती गारठल्यात," मायेने पुटपुटत त्याने हातावर दुसरं पांघरूण घातलं.