सहावं चर्च

"हे शेवटचं हं, बाबा," हेझेलने गाडीचं दार आपटलं. "यानंतर कुणी पूर्वज उरले असतील तर त्यांना म्हणावं, तुम्हीच या भेटायला."

बर्नार्ड हॅदरकोमने काठी बाहेर टेकवली आणि तो उतरला. शहाऐंशी वर्षांचा म्हातारा. डोळे जवळजवळ गेलेले, हेका मात्र शाबूत. पाच दिवसांत पाच चर्चं झाली होती. हेझेलची वर्षाची सुट्टी दोन कुंपणांमधल्या बोळासारख्या रस्त्यांवर, समोरून ट्रॅक्टर आला की गाडी अर्धा मैल मागे घेण्यात गेली होती. गुडघा ठणकत होता. गेल्या सप्टेंबरात त्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा हा म्हातारा म्हाताऱ्यांच्या क्लबाच्या बसने समुद्रावर गेला होता. मुलीला भेटायलाही आला नव्हता. ते तिच्या मनातून गेलं नव्हतं.

आजच्या गावाचं नावच हॅदरकोम. बर्नार्ड जन्मभर सांगत आला होता, गावाला नाव आमचं, आम्ही इथले जमीनदार. पुरावा तेवढा नव्हता.

पाद्रीणबाईंनी कपाट उघडून दिलं. बाप्तिस्म्यांची मूळ नोंदवही कधीच जिल्ह्याच्या कचेरीत गेली होती, इथे तिची झेरॉक्स होती, दोरीने बांधलेली. बाईंनी बर्नार्डच्या हातात चहा दिला, बिनसाखरेचा, न विचारता. हेझेलचं तिकडे लक्षही गेलं नाही. ती मटकन बाकावर बसली.

बर्नार्डने काखेतली गुंडाळी मांडीवर घेतली. ती कसली, हे हेझेलला बघावं लागत नव्हतं. वॉलपेपरच्या उरलेल्या तुकड्याच्या पाठीवर काढलेली वंशावळ. सगळी नावं काळ्या शाईत, आणि अगदी तळाला, बर्नार्ड आणि डोरीनच्या खाली, एकच नाव पेन्सिलने. हेझेल. दोन वर्षांची असताना तिला दत्तक घेतलं होतं. दहाव्या वर्षी तिने विचारलं, माझंच नाव असं फिकट का? तो म्हणाला होता, "शाईत रक्ताची नावं असतात, बाळ." त्यावर डोरीनने दोन दिवस नवऱ्याशी अबोला धरला होता. पुढे डोरीन गेली. नाव पेन्सिलीतच राहिलं. मोजे धुवायला, औषधं द्यायला, गाडी हाकायला पेन्सिल चालते, असं हेझेल मैत्रिणींना हसत सांगायची. सांगून झालं की तिला घरी जावंसं वाटायचं.

"सतराशे एक्याण्णव काढ," बर्नार्ड म्हणाला. "सगळ्यात वरचा मार्टिन. त्याचा बाप सापडला की झालं."

तिने पानं उलटली. मार्टिन सापडला. तिने नोंद वाचली, चष्मा पुसला, परत वाचली.

'मुलगा. चर्चच्या ओसरीत सापडला. आईबाप अज्ञात. गावाचं नाव दिलं. घंटा वाजवणाऱ्याची विधवा मार्था प्रॉसर हिने आपणहून सांभाळायला नेला.'

त्या काळी बेवारस पोराला गावाचंच आडनाव चिकटवून मोकळे व्हायचे. म्हणजे कसले जमीनदार नि कसलं काय! खोटं कशाला बोला, क्षणभर हेझेलला आनंद झाला. रक्त रक्त करत होता ना? घे आता. मग तिने वर पाहिलं. म्हाताऱ्याने कान तिच्याकडे केला होता आणि कपातला चहा बशीत सांडत होता. तिला त्याची फार दया आली. या वयात त्याचं एवढं एकच खेळणं, ते कोण काढून घेणार?

"सापडला," ती म्हणाली. "मार्टिन हॅदरकोम. बाप विल्यम. जमीनदार."

बर्नार्डने कप खाली ठेवला.

"विल्यम कुठून काढलास?"

"इथे लिहिलंय, बाबा."

"काही लिहिलेलं नाही. ओसरीत सापडला. आईबाप अज्ञात. मार्था प्रॉसरने आपणहून नेला." त्याने एका दमात म्हणून टाकलं, शाळेत पाठ केल्यासारखं.

हेझेलने पाद्रीणबाईंकडे पाहिलं. बाई कपाटाशी उगाचच किल्ल्या चाळवत होत्या.

"यांनी वाचून दाखवलं, गेल्या सप्टेंबरात," बर्नार्ड म्हणाला. "समुद्रावर कसला जातोय मी? तू दवाखान्यात होतीस म्हणून एकटा आलो. जन्मभर रक्त रक्त करून परतल्यावर तुझ्यासमोर कोणत्या तोंडाने उभा राहणार होतो?"

"मग या आठवड्यात ती पाच चर्चं कशाला फिरवलीत मला? माझा गुडघा मोडला की हो!"

"धीर होत नव्हता. रोज वाटायचं, आज सांगू. मग दुसऱ्याच गावाचं नाव तोंडातून जायचं. म्हटलं, तूच वाचशील. वाचून मला चांगली सुनावशील. आणि तू माझ्यासाठी जमीनदार शोधून काढलास."

त्याने गुंडाळी उलगडून तिच्या मांडीवर सरकवली आणि कोटाच्या आतल्या खिशातून शाईचं पेन काढलं. टोपण तिने काढलं.

"वर मार्थाचं लिही," तो म्हणाला. "मग खाली तुझं."

तिने मार्थाचं नाव लिहिलं. मग तळाशी आली. पेन्सिलीचं ते फिकट नाव पुसायला तिने पर्समधला खोडरबर काढला. पर्सच्या चेनचा आवाज झाला असावा, किंवा म्हाताऱ्याला ठाऊकच होतं.

"खोडू नकोस," तो म्हणाला. "वरूनच गिरव. माझा मूर्खपणा खाली दिसू दे."