भरवशाचा चिंचोका

"गोकुळाबाईले उतरवल्याबिगर कंपनी वाचत नाई," मंगरूच्या ओट्यावर बसत इस्तारी म्हणाला. "तू तिच्याविरुद्ध खडा टाकशील का नाई, तेवढं सांग."

"टाकतो ना भाऊ." मंगरू जाळं विणत होता. त्याने मान काही वर केली नाही.

इस्तारी उठला. आठ दिवसांत छत्तीस दारं झाली होती, आणि नाही असं कोणीच म्हटलं नव्हतं. म्हणेल कशाला? गावातल्या एकेचाळीस जणांनी शेअर घेऊन मच्छीमार कंपनी काढली त्याला तीन वर्षं झाली. पहिली दोन बरी गेली. यंदा मात्र तलावात सोडलेलं माशाचं बीज गेलं कुठे, हेच कळेना. जाळी ओढली तर रोहू-कतला मिळून चार टोपल्या निघाल्या. चंद्रपूरचे व्यापारी नूरुद्दीनभाई रिकामी गाडी घेऊन परतले, ते पुन्हा फिरकले नाहीत. आणि अध्यक्ष गोकुळाबाई आता म्हणे तलावाला रखवालदार ठेवायचा म्हणते. बैल गेला नि झोपा केला! इस्तारीचं डोकं यानेच तापायचं.

घरी सुनेने, आचलने, ताटात मरळीचा रस्सा वाढला. मरळ धरावी तर इस्तारीनेच. तलावात दुसरं काही नसलं तरी त्याच्या गळाला मरळ लागायचीच.

"मामाजी, यंदा मरळ लय मोठी निघून राह्यली," आचल म्हणाली.

इस्तारीने आणखी भात मागितला.

रविवारी समाजमंदिरात आमसभा भरली. हात वर करून मत द्यायची या गावात रीत नाही. सगळेच एकमेकांचे सोयरे. एक हात वर गेला की दहा घरांत बोलणं बंद. म्हणून अध्यक्ष धरून प्रत्येकाला एक चिंचोका आणि एक खडा मिळतो. भरवसा असेल तर चिंचोका मडक्यात टाकायचा, नसेल तर खडा. उरेल ते कोणाला न दाखवता घरी न्यायचं.

इस्तारी उभा राहिला. "बीज कुठी गेलं, ते सांगा."

"मरळीनं खाल्लं," गोकुळाबाई म्हणाली. "बीज सोडायच्या आधी मरळ काढाले पाहिजे होती. काढली नाई."

"काऊन नाई काढली?" मागून सोनीबाईने विचारलं.

इस्तारी हळूच खाली बसला. गेल्या साली गोकुळाबाई मरळ काढायला तलावाच्या पाळीवर आली, तेव्हा आडवा कोण आला होता? मरळीले भाव आहे, राहू द्या, चाळीस वर्षं मी हा तलाव पाहून राह्यलो, असं तिला ठासून कोणी सांगितलं होतं? मंगरू तेव्हा जाळं खांद्यावर घेऊन तिथेच उभा होता. आठ दिवस इस्तारीने हे स्वतःलासुद्धा आठवू दिलं नव्हतं.

आता ती नाव घेणार. घ्यायलाच हवं.

"निर्णय माझा होता," गोकुळाबाई म्हणाली. "अध्यक्ष मी आहो. चूक माझीच."

एवढं बोलून ती खाली बसली. इस्तारीकडे तिने पाहिलंही नाही. इस्तारीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मडकं पडद्याआड ठेवलं होतं. पहिल्यांदा गोकुळाबाई जाऊन आली, मग एकेक करून सगळे. इस्तारी सर्वांत शेवटी गेला. बाहेर यायला त्याला इतका वेळ लागला, की सोनीबाई खाकरली.

कंपनीची लिखापढी पाहणाऱ्या सुनिलने मडकं सतरंजीवर पालथं केलं. दोनदा मोजलं.

"चाळीस चिंचोके," तो म्हणाला. "खडा एक."

सगळी सभा इस्तारीकडे वळली. कोणी रागावलं नव्हतं.

"भाऊ, एकटाच पडला ना," मंगरू हळूच म्हणाला.

इस्तारीने खिशात हात घातला. त्याचा खडा तिथेच होता. त्याने समोर पाहिलं.

गोकुळाबाई खाली मान घालून पदराच्या टोकाला चिंचोका बांधत होती.