काळेपणा उतरेपर्यंत

थोरल्या भावासाठी उन्हात काळ्या होणाऱ्या काचा तिनेच हट्टाने घ्यायला लावल्या होत्या. "घरात आल्यावर काळेपणा उतरायला थोडा वेळ लागतो हं, ताई," चष्मेवाला म्हणाला होता.

आज सकाळी अप्पांची आणि दादाची चांगलीच जुंपली. भरदुपारी अप्पा गच्चीवरून मागच्या अंगणात कोसळले. आवाज ऐकून ती स्वयंपाकघरातून धावली, त्यांना पाहून किंचाळत घरात शिरली, तर दादा जांभई देत खोलीतून बाहेर आला.

"काय गं, काय झालं? आत्ता कुठे डोळा लागला होता माझा."

त्याच्या चष्म्याच्या काचा काळ्याकुट्ट होत्या. घरात आता दोघंच उरली होती.



काळेपणा हळूहळू उतरला, तेव्हा दादाचे डोळे तिच्यावरच रोखलेले होते.