समोरचा टीव्ही

या कामात फॅब्रिसिओचा फायदा सरळ होता. आठवडाभरात एका साक्षीदाराने एक चेहरा ओळखला, की तपास कचेरीतली त्याची तात्पुरती खुर्ची कायमची होणार होती. दोन्या सोइलाचा, म्हणजे सोइलाबाईचा, फायदा त्या मानाने किरकोळ. बेकरीवाल्या एर्मेलला तिच्या खिडकीखाली गोळ्या घातल्या, त्याला तीन आठवडे झाले होते, आणि तेव्हापासून ती केळ्याचे गोळे दारातूनच विकायची, खिडकी बंद ठेवून. ती उघडता यावी, एवढंच तिला हवं होतं. ग्वायाकिल शहराच्या त्या टेकडीवर एप्रिलमध्ये बंद खिडकीआड राहणं म्हणजे झाकण ठेवून शिजणं.

फॅब्रिसिओ विमा विकणाऱ्याच्या वेशात आला होता: टाय, फाइल आणि घाम. रविवार त्यानेच निवडला होता. मॅच असली की गल्लीचं लक्ष कुठे आहे ते पक्कं ठाऊक असतं. समोरच्या दोन्या पिएदादने टीव्ही नेहमीप्रमाणे दारात आणून ठेवला होता आणि सगळी गल्ली प्लास्टिकच्या खुर्च्या घेऊन तिथे बसली होती.

त्याने लॅपटॉप उघडला. पडद्यावर नखाएवढे सहा फोटो.

"हे काय, मुंग्यांची वरात?" सोइला म्हणाली. "यात मला नाक कुठलं नि मिशी कुठली कळायची नाही. भिंतीवर एवढा थोरला टीव्ही टांगलाय, तो काय शोभेला?"

"वायर नाही आणली, दोन्या सोइला."

"वायर कशाला? माझी भाची हवेतूनच लावते. कचेरीत तुम्हाला एवढंही शिकवत नाहीत होय?"

हे फॅब्रिसिओला लागलं. त्याने तिच्याकडून पासवर्ड मागून घेतला. खरं तर तो पिएदादचा पासवर्ड. गल्लीत इंटरनेट तिच्या एकटीच्या घरी यायचं आणि तिथून उरलेल्या सात घरांत वाटलं जायचं. टीव्हीही आठही घरांत एकाच बनावटीचा. गेल्या वर्ल्ड कपच्या वेळी हप्त्याने माल विकणाऱ्या एकाने एकाच दुपारी आठही दारांत उतरवलेला. त्यामुळे लॅपटॉपवर एकच नाव एकाखाली एक आठ वेळा आलं.

"यातला तुमचा कुठला?"

"मोठा."

"सगळ्यात जवळचा वर येतो," फॅब्रिसिओ म्हणाला. हे त्याला कोणी सांगितलं होतं देव जाणे. त्याने पहिल्या नावावर बोट दाबलं. 'जोडले गेले,' लॅपटॉपने कळवलं. भिंतीवरचा टीव्ही काळाच राहिला.

"वेळ घेतो थोडा."

बाहेरचा आरडाओरडा एकदम थांबला.

"हाफटाइम झाला वाटतं," तो म्हणाला आणि रिमोटची बटणं दाबत बसला.

सोइला कंटाळली. "राहू दे बाळा तुझा टीव्ही. एकेक फोटो मोठा करून दाखव, झालं."

त्याने लॅपटॉपचा कॅमेरा सुरू केला. पडद्याच्या एका कोपऱ्यात सोइलाचा चेहरा आला, बाजूला एकेक फोटो. तिने केसांवरून हात फिरवला, पूर्ण नाव सांगितलं, पत्ता सांगितला. पहिला, नाही. दुसरा, नाही. तिसऱ्याला तिने थेट काचेवर बोट टेकवलं आणि काय ते वीस सेकंदांत सांगून टाकलं.

जबानी साक्षीदाराला परत ऐकवायची, असा नियम. फॅब्रिसिओने ती लावली. पडद्यावर सोइलाचे ओठ हलले, पण आवाज येईना. त्याने आवाज वाढवला. आणखी वाढवला. शेवटपर्यंत नेला.

आवाज आला. बंद खिडकीतून, रस्त्यापलीकडून, मॅचला लावतात तेवढा मोठा.

"मी सोइला मर्सेदेस अनचुंडिया. पायऱ्यांची गल्ली, घर चौथं…"

फॅब्रिसिओ तोडायचं बटण शोधू लागला. घाबरलेल्या माणसाला सापडत नाही, तसं ते त्याला सापडेना.

"…हा तिसरा. भुवई कापलेली. रोज सकाळी माझ्याकडून केळ्याचे दोन गोळे नेतो, चीज जास्त घालून. तेव्हा पायात चप्पल असते. एर्मेलला मारलं त्या दिवशी बूट होते."

बाहेर पिएदादचा आवाज फाटला. "मेला बिघडला बघा टीव्ही! कोणी काही पाहिलं नाही हं! रिमोट कुठाय? बंद करते मी, बंद करते!"

"असू द्या, दोन्या पिएदाद," कोणीतरी निवांत, अदबीने म्हणालं. "उलट जरा आवाज वाढवा."

तो आवाज ओळखायला सोइलाला फोटोची गरज पडली नाही.

फॅब्रिसिओने लॅपटॉप धाडकन मिटला. मग फाइलमधून एक कागद काढला आणि तिच्यापुढे धरला. "इथे सही करा." साक्षीदाराचं नाव गुप्त ठेवण्यात येईल, असं सहीच्या वर छापलेलं होतं. सोइलाने सही केली. तो टाय खिशात कोंबून मागच्या दाराने पायऱ्या उतरून गेला.

मॅच पुन्हा सुरू झाली आणि दोन-एक अशी संपली. खुर्च्या मिटल्याचे आवाज एकेक करून आले. त्यानंतर खिडकीच्या फळीवर दोन बोटांनी टकटक झाली, रोज सकाळी व्हायची तशीच.

"दोन्या सोइला," बाहेरून आवाज आला, "उद्या माझे दोन बाजूला काढून ठेवू नका."

फॅब्रिसिओची खुर्ची बुधवारी कायम झाली. सोइलाची खिडकी आदल्या दिवशीच उघडली होती, बाहेरून, पहारीने. त्या वेळी उरलेल्या सात घरांत सगळे जागेच होते. टीव्ही लावून बसले होते, आवाज वाढवून.